आरेनोसच्या ढालीवरचं लाल पाऊल

फ्रान्स देशाच्या नैऋत्य टोकाला, जिथे शेतं संपतात आणि समुद्रापर्यंत नुसती वाळू सुरू होते, तिथे आरेनोस नावाचं एक गाव आहे. गाव लहान. एक चर्च, एक पाणवठा, ओकच्या झाडांची एक राई आणि गावची कचेरी. त्या कचेरीच्या दारावर दगडाची एक ढाल बसवलेली आहे. त्या देशात गावोगाव अशी ढाल असते, तिला गावाचं मानचिन्ह म्हणतात. कुणाच्या ढालीवर सिंह असतो, कुणाच्या किल्ला, कुणाच्या द्राक्षांचा घड. आरेनोसच्या ढालीवर वाळूच्या रंगाची पिवळी जमीन आहे, तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन काळ्या काठ्या आहेत, आणि वरच्या बाजूला, काठ्यांच्या मधे, बदकाचं एक लाल पाऊल.

नवखा माणूस ते पाऊल पाहून हसतो. तुमचे पूर्वज बदकं राखत होते का, असं विचारतो. गावची माणसं रागावत नाहीत, पण हसतही नाहीत. सवड असली तर त्याला बाकावर बसवतात आणि सांगतात. ती सांगतात ते असं.

फार वर्षांपूर्वी, आजोबांच्या आजोबांनीसुद्धा जे दुसऱ्याकडून ऐकलं त्या काळी, आरेनोस आताच्या जागी नव्हतं. ते पश्चिमेला होतं, समुद्राच्या कुशीत. एका अंगाला वाळूच्या टेकड्या आणि दुसऱ्या अंगाला मैलभर दलदल, अशा चिंचोळ्या पट्टीवर एकशे तेरा माणसं राहत होती. मेंढ्या हीच त्यांची दौलत. त्या ओल्या मुलखात मेंढपाळ जमिनीवरून चालत नसत. ते पायांना उंच पायकाठ्या बांधत. माणसाच्या उंचीची काठी, मधे पाऊल टेकायला लाकडी खुंटी, आणि गुडघ्याखाली करकचून बांधायचा कातडी पट्टा. अशा काठ्यांवर चढून ते बगळ्यासारखे ढांगा टाकत दलदलीतून हिंडत आणि लांबवर गेलेली मेंढी वरूनच हेरत.

त्या काठ्या गावात बनत नसत. त्या ओढ्यापलीकडून येत.

ओढ्यापलीकडे दोन घरं होती. त्या घरांतल्या माणसांना कागो म्हणत. कागो म्हणजे काय, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे त्यांच्या पूर्वजांना महारोग होता. कुणी म्हणे त्यांच्या पूर्वजांनी येशूचा क्रूस घडवला. दिसायला ती इतरांसारखीच होती, बोली तीच, देव तोच. पण त्यांचा स्पर्श झाला की त्यांचं जे काही होतं ते आपल्याला लागतं, असं सगळे मानत. म्हणून नियम होते. कागोने डाव्या खांद्यावर लाल कापडाचं बदकाचं पाऊल शिवायचं, म्हणजे लांबूनच कळावं. गावच्या रस्त्यावर अनवाणी चालायचं नाही. चर्चमध्ये मोठ्या दारानं यायचं नाही, बाजूच्या भिंतीत त्यांच्यासाठी एक बुटकं दार होतं, त्यातून वाकून यायचं आणि मागे उभं राहायचं. एकच काम त्यांनी करावं, ते म्हणजे सुतारकी; कारण लाकडातून विटाळ जात नाही, अशीही एक समजूत होती. त्यामुळे गावातलं मूल ज्या पाळण्यात निजे तो कागोने केलेला, त्याच्या डोक्यावरचं छप्पर कागोने घातलेलं, आणि म्हातारपणी ज्या पेटीत त्याला ठेवत तीही कागोचीच.

त्या दोन घरांपैकी एकात रामोने नावाचा म्हातारा आणि त्याची बायको राहत. दुसऱ्यात सोबाद राहत असे.

सोबाद सुताराची मुलगी. भावंडं नव्हती, म्हणून बापाने वाकस आणि रंधा तिच्याच हातात दिला. ती उंच होती, हाडापेरानं मोठी, आणि बोलायला फार थोडी. नवरा लाकडाच्या तराफ्याबरोबर उत्तरेला गेला तो परत आला नाही. पदरात एक मुलगी होती, ग्रासी. सोबादच्या अंगी एक गुण होता. कागोने माणसाला हात लावायचा नाही, तर मग माप कसं घ्यायचं? तिचा बाप दोरी लांबून धरून अंदाज करी. सोबादला दोरीही लागत नसे. ती माणसाकडे एकदा डोकं ते टाच बघे, आणि त्याची उंची, त्याचं वजन, त्याचा कोणता पाय आखूड आहे, सगळं तिला कळे. माणूस आजारी असला तर पेटीला किती फळ्या लागतील तेही कळे, असं म्हणतात. त्यामुळे तिनं बघितलं की लोक तोंड फिरवत.

ग्रासी सहा वर्षांची असताना तिला ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. कागोंची दफनभूमी वेगळी होती, अगदी समुद्राच्या बाजूला, वाळूला लागून. सोबादनं स्वतः पेटी केली आणि स्वतः पुरली. ती पेटी करताना तिनं एकदाही लेकीकडे पाहिलं नाही, आणि पेटी अर्धी वीत लांब झाली. आयुष्यात चुकलेलं तिचं ते एकच काम.

वाळू तर रोजच उडत असे. दुसऱ्या दिवशी सोबाद गेली तेव्हा लेकीच्या जागेवर बोटभर वाळू चढलेली होती. तिनं ती हातानं काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. मग ती लाकडी खोरं घेऊन रोज जाऊ लागली. उन्हात, पावसात, सणाच्या दिवशीसुद्धा. एक वर्ष गेलं, दोन गेली. आधी बोटभर चढणारी वाळू वीतभर चढू लागली. आधी पाव घटकेचं असलेलं काम अर्ध्या दिवसावर गेलं. टेकडी चालत होती. गावात ते कुणालाच दिसत नव्हतं, कारण रोज तिथे जाऊन खोरं मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग सोबादनं एक काठी रोवली, महिन्यानं दुसरी, पुढच्या महिन्यानं तिसरी. टेकडी त्यांना एकेक करून गिळत आली. तिनं अंतर मोजलं आणि तिला कळलं की येत्या हिवाळ्याच्या तोंडी टेकडी चर्चला भिडेल.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ती बुटक्या दारातून बाहेर आली आणि गावच्या मुखियाची वाट पाहत दहा पावलांवर उभी राहिली. बेर्त्रां त्याचं नाव. माणूस न्यायाचा, पण जुन्या वळणाचा. त्याची आई जोआना त्याच्या हाताला धरून चालत होती. सत्तरी उलटलेली ती म्हातारी गावात सगळ्यांत कडक. सोबादची सावली पडली तरी ती घरी जाऊन झगा धुवायची.

सोबाद म्हणाली, "मुखिया, वाळू येतेय. मार्टिन संताच्या सणापर्यंत ती या दारात असेल."

"वाळू माझ्या आज्याच्या वेळेपासून येतेय," बेर्त्रां म्हणाला.

"तेव्हा चालत होती. आता धावतेय. दलदलीचं पाणी समुद्राला नेणाऱ्या नदीचं मुख तिनं बंद केलं तर ते पाणीही मागून चढेल. उन्हाळ्यातच दलदलीपलीकडच्या ओकच्या टेकाडावर जा. दलदलीखालून कडक जमिनीची एक वाट आहे, माझ्या बापानं मला दाखवलीय. मी दाखवते."

बेर्त्रां काही बोलणार, तेवढ्यात जोआना म्हणाली, "कागोच्या मागून जायचं का आता? तिची पोर तिथे पुरली तेव्हापासूनच ती वाळू पिसाळली आहे." मागे उभी असलेली माणसं कुजबुजली. ती गोष्ट त्यांना पटली, कारण ती सोपी होती.

सोबाद घरी आली. त्या दिवशी तिनं खोरं भिंतीला लावून ठेवलं आणि ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. तिला राग आला होता. वाट तिला माहीत होती, पायकाठ्या तिच्याकडे होत्या, एकटीला पलीकडे जायला अर्धा दिवस पुरला असता. जाऊ देत, बुडायचे ते बुडतील, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिनं मनातून घालवलंही नाही. पण ती तिथे बसलेली असताना ओढ्याच्या गावाकडच्या काठानं गावचा एक माणूस मेंढ्या हाकत गेला. तिनं सवयीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातांना त्याचं माप कळलं. मग एक बाई गेली, मग दोन पोरं. तिच्या हातांना ती सगळीच माहीत होती. त्यातल्या निम्म्यांचे पाळणे तिनंच केले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती आल्डरची झाडं तोडू लागली. आल्डर दलदलीच्या काठी वाढतं. तोडलं की त्याचं पांढरं लाकूड पाहता पाहता लाल पडतं, जखमेसारखं. ते पाण्यात कुजत नाही. सोबाद पायकाठ्या करू लागली. मेंढपाळांकडे त्यांच्या होत्याच. तिनं केल्या त्या बायकांसाठी, पोरांसाठी, म्हाताऱ्यांसाठी. रविवारी ती चर्चबाहेर उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डोक्यापासून टाचेपर्यंत बघे, आणि घरी जाऊन त्या मापाची जोडी करून वळचणीला टांगे. रामोने म्हातारा तिला पट्टे कापून देई.

लोक भ्याले. ती सगळ्या गावाची मापं घेतेय अशी बातमी पसरली. शेवटी बेर्त्रां ओढ्याच्या काठावर आला आणि अलीकडूनच त्यानं हाक मारली.

"कुणाच्या पेट्या करतेस?"

"पेट्या नाहीत. पायकाठ्या आहेत."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. तुमच्या आईच्याही झाल्या. डावा पाय तिचा आखूड आहे, म्हणून डावी काठी अंगठाभर लांब केलीय."

बेर्त्रां तिच्या छपराकडे बघत राहिला. सत्तरवर जोड्या तिथे वाऱ्यावर एकमेकींना आपटत होत्या. मग तो परत गेला. आईचा पाय आखूड आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, असं म्हणतात.

मार्टिन संताच्या सणाला तीन दिवस उरले असताना वारा सुटला. तो वारा कसला होता, ते सांगायला आरेनोसच्या लोकांकडे आजही शब्द नाही. ते नुसते हात पसरून दाखवतात. तीन दिवस समुद्र दिसला नाही, आभाळ दिसलं नाही, फक्त पिवळा अंधार. वाळू छपरावर बसली, छपरं खचली, मेंढ्या उभ्या जागी पुरल्या गेल्या. लोक चर्चमध्ये गोळा झाले, कारण तेवढ्याच भिंती दगडी होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडी चर्चच्या मोठ्या दारावर आली. दार आत उघडलं तेव्हा समोर वाळूची भिंत उभी होती आणि ती हळूहळू आत ओघळू लागली. माणसांनी जीव खाऊन दार पुन्हा लावलं. पाद्री प्रार्थना म्हणत होता, पण वाऱ्यात त्याचा आवाज त्याच्याच ओठांपाशी संपत होता.

तेव्हा बाजूच्या भिंतीवर थाप पडली. बुटकं दार वाऱ्याच्या आडोशाला होतं, तिथे वाळू साचली नव्हती. ते उघडलं आणि सोबाद वाकून आत आली. तिच्या केसांत, भुवयांत वाळू होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती मागे उभी न राहता मधोमध आली.

"नदीचं मुख बंद झालंय," ती म्हणाली. "पाणी ओढ्यावरून माझ्या घरात आलंय. दुपारपर्यंत ते इथे येईल. काठ्या बाहेर आणून ठेवल्यात. ज्याची त्यानं उचलावी, मी प्रत्येकीवर खूण केलीय."

कुणी हललं नाही. लोक त्या बुटक्या दाराकडे बघत होते. ते कागोचं दार होतं. आजवर त्यातून गावचं कुणी गेलं नव्हतं. मागच्या बाजूला मोठ्या दाराची एक फळी तडकली.

बेर्त्रां पुढे झाला. तो धिप्पाड माणूस होता. त्याला गुडघ्यावर यावं लागलं, मगच तो त्या दारातून गेला. त्याच्या मागून पाद्री गेला, मग बायका, मग पोरं. एकशे दहा माणसं आणि त्यांच्या आधीच बाहेर थांबलेले रामोने आणि त्याची बायको. ज्याच्या वाट्याला जे दार येईल त्यातून जायला माणसाला वाकावंच लागतं, असं तिकडे म्हणतात.

बाहेर प्रत्येकाला आपली जोडी सापडली. कुणाच्याच पायाला ती मोठी झाली नाही, कुणाला लहान झाली नाही. त्या मुलखातली पोरं खेळता खेळता काठ्यांवर चढलेली असत, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या अंगालाही ते कुठेतरी आठवत होतं. तान्ही मुलं मेंढपाळांनी पाठीला बांधली. सोबाद सगळ्यांच्या पुढे निघाली. तिच्या काठ्या सर्वांत उंच होत्या. वाट पाण्याखाली होती, डोळ्यांना दिसत नव्हती. सोबाद काठी टेकवून कडक जमीन शोधी, मग मागे वळून हात वर करी, आणि रांग एक पाऊल पुढे सरके. मागे चर्चचं छप्पर वाळूत गेलं. कुणी वळून बघितलं नाही, पण आवाज सगळ्यांनी ऐकला.

अर्ध्यावर ती वाट तुटत होती. जुन्या ओढ्यानं तिथे जमीन कापून नेली होती. दीड ढांगेची खिंड, खाली नुसता चिखल. सोबादला ती माहीत होती. त्यासाठीच तिनं एक लांब फळी रामोनेच्या मागून दोन गड्यांकडून वाहून आणवली होती. पण पाणी एवढं चढेल हे तिच्याही हिशेबात नव्हतं. फळी टाकली, आणि प्रवाहानं ती गवताच्या काडीसारखी उचलून नेली. लोक थबकले. पाणी पोरांच्या पावलांना लागू लागलं होतं.

सोबादनं क्षणभर त्या खिंडीकडे पाहिलं, जशी ती माणसांकडे पाहायची तशी. मग ती खिंडीत उतरली. तिच्या काठ्या चिखलात हातभर गेल्या आणि थांबल्या. ती मधोमध उभी राहिली, पाय फाकवून, खांबासारखी.

"माझ्या खांद्यावर हात ठेवा आणि एक लांब ढांग टाका," ती म्हणाली. "या खांद्यावर. दुसऱ्या हातानं मला प्रवाहात तोल धरायचाय."

तो डावा खांदा होता. त्यावर लाल पाऊल शिवलेलं होतं.

आधी रामोने आणि त्याची बायको गेली. मग कुणीच पुढे येईना. शेवटी पाठीला मूल बांधलेल्या एका मेंढपाळानं डोळे मिटले आणि त्या लाल कापडावर हात ठेवला. तो पार झाला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. प्रत्येक हाताचं ओझं तिला खाली दाबत होतं. ग्रासी गेल्यापासून सोबादला कुणी हात लावला नव्हता. आता हातामागून हात येत होते. खरखरीत, थंडगार, थरथरणारे, पोरांचे इवले. बोटांच्या दाबावरून तिला कळत होतं कोण आहे ते. तिला काय वाटलं असेल, ते कुणाला ठाऊक. पण पार झालेले सांगत की तिच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. ती ऐकत असल्यासारखी दिसत होती.

पाऊणशे माणसं झाली तेव्हा पाणी तिच्या कमरेला लागलं. शंभर झाली तेव्हा छातीला. शेवटी बेर्त्रां आणि त्याची आई राहिली. जोआना त्या लाल कापडाकडे बघत उभी राहिली आणि पाऊल टाकेना.

"हात ठेवा, आई," सोबाद म्हणाली.

गावात वयस्क बाईला सगळेच आई म्हणत, पण कुणा कागोनं तिला कधी तसं म्हटलं नव्हतं. जोआनानं हात ठेवला. ती अवजड बाई होती. डावी काठी अंगठाभर लांब असल्यामुळे तिचा तोल गेला नाही. तिच्यामागून बेर्त्रां पार झाला, आणि वळून त्यानं सोबादला हात दिला.

सोबाद हलेना. काठ्या गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंत चिखलात रुतल्या होत्या. पट्टे पाण्याखाली होते, कातडं भिजून आवळलं होतं. तिची बोटं गारठून वळत नव्हती. बेर्त्रांनं दोर टाकला, तो तिनं काखेतून घेतला. सहा माणसांनी ओढलं. ती तसूभर वर आली नाही. उलट ओढणाऱ्यांच्याच काठ्या खिंडीच्या काठावरून सरकू लागल्या. एक जण घसरला, त्याला दुसऱ्यानं धरलं.

सोबादनं ते पाहिलं. तिनं काखेतला दोर काढला आणि सोडून दिला.

"धर तो," बेर्त्रां म्हणाला. "सोबाद, धर तो दोर." त्यानं तिला नावानं हाक मारली ती तेव्हाच.

"तुम्ही सगळे इथे खाली याल," ती म्हणाली. "मग कशाला एवढं केलं?"

"मी काय करू? सांग."

पाणी तिच्या गळ्याशी होतं. मग ती म्हणाली, "ग्रासीच्या वरची वाळू आता कोण काढणार?"

ती दफनभूमी तीन दिवसांपूर्वीच टेकडीखाली गेली होती, आणि ते दोघांनाही माहीत होतं. बेर्त्रां तिच्याकडे तोंड करून, मागे मागे पावलं टाकत, पाणी तिच्यावरून जाईपर्यंत चालत राहिला. त्यानं तोंड फिरवलं नाही.

ओकच्या टेकाडावर लोकांनी पालं ठोकली. वारा पडला. चौथ्या दिवशी घरांच्या जागा वाटायला सगळे एकत्र बसले. आणि माणसाचा स्वभाव बघा. पहिला प्रश्न निघाला तो हाच, की रामोने आणि त्याच्या बायकोला जागा कुठे द्यायची. कुणीतरी हळूच म्हणालं, इथेही खाली एक ओढा आहे, त्याच्या पलीकडे द्यावी. दोघातिघांनी माना डोलावल्या. बेर्त्रां मान खाली घालून बसला होता.

तेव्हा म्हातारी जोआना उठली. तिनं आपला उजवा हात पुढे धरला.

"हा हात मी चार दिवस धुतलेला नाही," ती म्हणाली. "मी तिला धरून आले. धरल्यानं जे लागतं म्हणतात ते मला लागलं. तेव्हा नियमानं माझं घर ओढ्यापलीकडे. ज्यानं तिला धरलं नसेल त्यानं अलीकडे राहावं."

सगळे आपापल्या हातांकडे पाहू लागले. अलीकडे राहायला कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी जोआनानं आपल्या लाल परकराचा काठ फाडला आणि त्याचं बदकाचं पाऊल कापून डाव्या खांद्यावर शिवलं. बेर्त्रांनं शिवलं, मग पाद्र्यानं, मग एकेक करून सगळ्यांनी. फक्त एका घरानं शिवलं नाही. ते घर पुढे गाव सोडून गेलं, त्याचं नाव आरेनोसमध्ये कुणी घेत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी राजाचा एक अधिकारी गावोगावची मानचिन्हं लिहून घेत तिथे आला. बेर्त्रां तेव्हा थकला होता. त्यानं कोळशानं जमिनीवर दोन काठ्या आणि एक पाऊल काढून दाखवलं. अधिकारी म्हणाला, ही तर कागोंची खूण, ही ढालीवर कशी चालेल, आणि कागोंना ढाल घेण्याचा हक्क नाही. सिंह घ्या, नाहीतर मेंढी घ्या.

"या गावात सगळे कागोच आहेत," बेर्त्रां म्हणाला. "मेंढ्या तर सगळ्यांकडेच असतात."

अधिकाऱ्यानं त्याच्या खांद्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बाईच्या खांद्याकडे, मग विहिरीवरच्या पोरांच्या. त्यानं लिहून घेतलं आणि जेवायला न थांबता निघून गेला.

असं म्हणतात की पुढच्या वसंतात त्या खिंडीच्या जागी, भर पाण्यात, आल्डरची दोन झाडं उगवली. बाईनं पाय फाकवून उभं राहावं तेवढंच त्यांच्यात अंतर. त्यांची पानं गळून पडतात, पण प्रवाहात वाहून जात नाहीत, तिथेच फिरत राहतात. आणि असंही म्हणतात की पश्चिमेच्या मोठ्या टेकडीच्या पोटात एक लहानशी खळगी आहे, मुलाच्या पेटीपेक्षा अर्धी वीत लांब. वाळू चोहीकडे साठते, तिथे साठत नाही. कोळ्यांनी ती पाहिलीय. रोज सकाळी समुद्रावरून एक वारा येतो, तेवढीच जागा झाडतो आणि थांबतो. तो वारा कोण, हे विचारायची तिकडे पद्धत नाही.

आजही दरवर्षी मार्टिन संताच्या सणाच्या दिवशी आरेनोसची सगळी माणसं दुपारी पाण्याच्या काठावर जमतात. त्या वर्षी गावात जो सगळ्यांत शेवटी राहायला आला असेल, मग तो शिक्षक असो, बेकरीवाला असो की दूर देशातून पोटासाठी आलेला मजूर, तो पुढे उभा राहतो. त्याच्या डाव्या खांद्यावर गाव स्वतःच्या हातानं लाल पाऊल शिवतं. त्याच्या मागचा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याच्या मागचा त्याच्या, आणि अशी रांग न बोलता काठाकाठानं चालत दोन झाडांसमोर जाते. तिथे सगळे पाण्याकडे तोंड करून थांबतात. माणसं मोजली जातात, आणि नेहमी एक कमी भरतं.

मग ती त्या एकीची वाट पाहतात. थंडी असते, बोटं बधिर होतात. मोठ्या माणसानं आता चला म्हणायचं नाही, असा तिथला रिवाज आहे. कुणाचं तरी लहान मूल कंटाळून रडेपर्यंत ती तशीच उभी राहतात, आणि मगच घरी जातात.